भंगारातला १५०० व्हीएचा यूपीएस घरच्या बॅटरीवर: इन्व्हर्टर म्हणून पास, चार्जर म्हणून नापास

नवी मुंबईतल्या महापे, रबाळे, तुर्भे या पट्ट्यातली ऑफिसं जागा बदलतात, तेव्हा मेलेल्या बॅटऱ्यांचे यूपीएस लॉटने बाहेर पडतात. भंगाराच्या गाळ्यावर ते किलोच्या भावाने येतात आणि घरगुती गिऱ्हाईक दिसलं की नगाच्या भावाने विकले जातात. या ढिगातला घरासाठी खरोखर घेण्यासारखा नग म्हणजे २४ व्होल्टचा, शुद्ध साइन वेव्ह (मेन्ससारखी सलग लहर) देणारा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस, म्हणजे लाईट असताना तीच पुढे सोडणारा आणि गेली की बॅटरीवर जाणारा. त्यात सगळ्यात जास्त दिसतो तो एपीसीचा स्मार्ट-यूपीएस १५००. त्याच्या दोन पिढ्या आहेत: जुनी एसयूए मालिका आणि तिच्यानंतरची, पडदा असलेली एसएमटी. दोन्हीत आत १२ व्होल्ट, १७ एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या दोन बॅटऱ्या असतात आणि क्षमता ९८० ते १००० वॅट.

निकाल आधीच सांगतो. यातला इन्व्हर्टर घरगुती दुकानातल्या बऱ्याच नव्या इन्व्हर्टरच्या तोंडात मारेल असा आहे. चार्जर मात्र १७ एएचच्या बॅटरीपुरता, आणि थंड राहण्याची व्यवस्था दहा-पंधरा मिनिटांच्या कामापुरती. सर्व्हर नीट बंद होईपर्यंत तग धरणं एवढंच या पेटीचं काम होतं. बाहेर मोठी बॅटरी जोडून तिला चार तास राबवायचं, तर उरलेल्या दोन गोष्टी स्वतःच्या खर्चाने पुऱ्या कराव्या लागतात. हा खर्च धरूनच किंमत ठरवा. नव्या २४ व्होल्टच्या साइन वेव्ह इन्व्हर्टरच्या निम्म्याहून जास्त कोणी मागितले, तर नमस्कार करून पुढच्या गाळ्यावर जा.

ढिगातल्या बाकीच्यांबद्दल थोडक्यात. टेबलाखालचा ६०० व्हीएचा बॅक-यूपीएस १२ व्होल्टचा आणि पायऱ्यांची वेव्ह देणारा. राउटर आणि दोन बल्ब यापलीकडे त्याला काही देऊ नये, साधा पंखा त्यावर घुमतो. ऑनलाइन यूपीएस दिसायला भारदस्त, पण १ केव्हीएला सहसा ३६ व्होल्ट आणि ३ केव्हीएला ७२ किंवा ९६ व्होल्टची बॅटरी मागतो. शिवाय दिवसरात्र दुहेरी रूपांतर (एसीचं डीसी, डीसीचं पुन्हा एसी) करून वीज खातो, पंखाही कधी थांबत नाही. घरात नको. स्मार्ट-यूपीएस २२०० आणि ३००० हे ४८ व्होल्टचे. उत्तम यंत्रं, पण वन-बीएचकेला हत्ती पोसल्यासारखं होतं.

गाळ्यावर तपासणी करायला जाताना पिशवीत १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन चांगल्या, चार्ज केलेल्या बॅटऱ्या, १०० वॅटचे दोन जुने तारेचे बल्ब, मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प आणि ४७ किलोओहम, २ वॅटचा एक रेझिस्टर हवा. गाळेवाला ‘चालू आहे, गॅरंटी’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की प्लग लावल्यावर दिवा लागला. तो दिवा चार्जरचा असतो, इन्व्हर्टरचा नाही.

आधी वय बघा. एपीसीच्या सिरिअल नंबरात दोन अक्षरांनंतरचे दोन आकडे साल सांगतात आणि पुढचे दोन आठवडा. ‘एएस०८३७’ने सुरू होणारा नग २००८च्या ३७व्या आठवड्यातला. दहा वर्षांपुढचा नग चालतो, पण आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर त्याच वयाचे आहेत हे धरून चाला. झाकण उघडायला लावा. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं, बोर्डावर तपकिरी डाग, ट्रान्सफॉर्मरला जळक्या वार्निशचा वास, यातलं एक जरी असलं तरी नग परत ढिगात. झुरळांची वस्ती असेल तर ब्रशने आणि ब्लोअरने साफ होते, तेवढ्यावरून नाकारू नका. बॅटरी फुटून आम्ल सांडलेलं असेल, तांब्यावर हिरवा-पांढरा थर असेल, तर मात्र नाकारा. खाडीच्या दमट हवेत तो थर पसरतच जातो.

मग बॅटऱ्या जोडून, मेन्सचा प्लग न लावता, बटण दाबून सुरू होतो का बघा. दोन बल्ब लावा. २०० वॅटला बॅटरीतून साधारण १० अँपिअर जातात, सात एएचच्या बॅटऱ्या ते दहा मिनिटं सहज देतात. बल्बचा प्रकाश स्थिर हवा. आता मेन्स लावा, काढा, असं दहा वेळा करा. बल्बने एखादा डोळा मिचकावला तर चालेल, विझून पुन्हा पेटता कामा नये.

यानंतरची चाचणी कोणी करत नाही, आणि जीव तिच्यावरच अवलंबून असतो. इन्व्हर्टर चालू, बल्ब पेटलेले, आणि भिंतीतून काढलेला यूपीएसचा प्लग हातात न धरता टेबलावर ठेवलेला. त्याच्या फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प पेटला तर आतला रिले चिकटला आहे आणि यूपीएस उलटी वीज प्लगमध्ये सोडतो आहे. लाईट गेली म्हणून कोणी बोर्ड उघडला तर तिथे २३० व्होल्ट वाट बघत असतील. नुसत्या डिजिटल मीटरवर विश्वास ठेवू नका. तो हवेतल्या तारेवरही भुताटकीचे ४०-५० व्होल्ट दाखवतो, म्हणून लॅम्प.

दुसरी तितकीच महत्त्वाची तपासणी बॅटरीची बाजू मेन्सपासून अलग आहे की नाही याची. प्लग मेन्सला लावा. बॅटरीचा निगेटिव्ह आणि सॉकेटची आर्थिंग यांच्यामध्ये मीटर एसीवर लावा आणि मीटरला समांतर तो ४७ किलोओहमचा रेझिस्टर जोडा. आकडा कोसळून दोन-चार व्होल्टवर आला तर नुसती फिल्टरची गळती, चिंता नाही. पन्नासच्या वर ठाण मांडून बसला, तर बॅटरीची तार म्हणजे मेन्सचीच तार समजा. असा नग घरच्या उघड्या बॅटरीला आणि सोलर कंट्रोलरला कधीही जोडू नये. लहान आणि ट्रान्सफॉर्मर नसलेल्या यूपीएसमध्ये हे बऱ्याचदा सापडतं. ज्याचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर उचलताना हात भरून येतो, त्यात कमी. पण मोजल्याशिवाय घेऊ नका.

आता घोडं जिथे पेंड खातं तो भाग, चार्जर. क्लॅम्प मीटर लावून बघितलं तर १५०० व्हीएच्या नगाचा चार्जर सहसा दोन ते चार अँपिअरच्या पुढे जात नाही. घरोघरी असते ती १५० एएचची, पाणी घालायची ट्यूब्युलर बॅटरी निम्मी रिकामी झाली तर ७५ एएच भरायचे आहेत. तीन अँपिअरने २५ तास, आणि नुकसानी धरली तर ३० तासांच्या घरात. वाट बघायची तयारी असेल तरी खरी अडचण पुढेच आहे. ट्यूब्युलरला साधारण क्षमतेच्या दहा टक्के, म्हणजे १५ अँपिअर करंट आणि दर बॅटरीला १४.४ व्होल्टपर्यंत बूस्ट (चढ्या व्होल्टेजचं चार्जिंग) लागतो. त्याशिवाय आतलं आम्ल ढवळलं जात नाही, जड आम्ल तळाशी बसतं. यूपीएस बूस्ट देतच नाही, तो दर बॅटरीला १३.६ ते १३.८ व्होल्टवर फ्लोट (भरलेली बॅटरी भरलेली ठेवणारं व्होल्टेज) धरून बसतो, कारण त्याची मूळ बॅटरी बंद, पाणी न घालायच्या एसएमएफ जातीची. वर्षभरात प्लेटवर सल्फेट जमतं आणि लोक बॅटरीच्या कंपनीला शिव्या घालतात.

म्हणून ट्यूब्युलर जोडायची असेल तर १५ अँपिअरचा, २४ व्होल्टचा, बूस्ट आणि फ्लोट दोन्ही देणारा वेगळा चार्जर घ्यावा लागतो, किंवा गच्चीवर पॅनल असेल तर सोलर चार्ज कंट्रोलर. दोन्ही थेट बॅटरीच्या टोकांवर, यूपीएसच्या तारांवर नाही. वेगळा चार्जर २८.८ व्होल्टला नेतो तेव्हा यूपीएसला ते चालतं का, हे बघूनच जोडा. काही नग ‘ओव्हरव्होल्टेज’ म्हणून ओरडतात. एवढं सगळं करून बचत किती उरते? फारशी नाही. ट्यूब्युलरवाल्यांनी सरळ घरगुती इन्व्हर्टर घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बाबतीत मात्र योगायोग आपल्या बाजूने आहे. २४ व्होल्टच्या एसएमएफ जोडीचा फ्लोट २७.६ व्होल्ट. लिथियम आयर्न फॉस्फेटचे आठ सेल मालिकेत लावले की प्रत्येकाच्या वाट्याला ३.४५ व्होल्ट येतात. त्या सेलला भरायला इतकंच पुरतं आणि ३.६५च्या कमाल मर्यादेपासून तो लांबही राहतो. कमी करंटने त्याचं काही बिघडत नाही. भरायला वेळ लागतो, इतकंच. सल्फेटची कटकट नाही, आम्लाची वाफ नाही. १०० एएचचा आठ सेलचा पॅक म्हणजे २५.६ व्होल्ट, २५६० वॅट-अवर. दहा टक्के राखून आणि इन्व्हर्टरची ८५ टक्के कार्यक्षमता धरून हातात साधारण १९५० वॅट-अवर येतात. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, राउटर, चार एलईडी, टीव्ही आणि एक लॅपटॉप मिळून २५० वॅटच्या आसपास, म्हणजे साडेसात तास. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा ४०० केव्ही वाहिन्या पडल्या आणि मुंबई-ठाणे-नवी मुंबई बंद पडली, तसा दिवस क्वचितच. महावितरणच्या देखभालीच्या दिवसाला किंवा कळवा-मुंब्र्यात टोरंट या वीज कंपनीच्या बिघाडाला तीन-चार तास धरले, तर एवढी बॅटरी पुरून उरते.

फ्लोट किती आहे ते आधी मोजा, मगच लिथियम लावा. जुन्या नगांत हा आकडा वर सरकलेला असू शकतो. चांगल्या दोन एसएमएफ बॅटऱ्या जोडून २४ तास मेन्सवर ठेवा, नंतर थेट बॅटरीच्या टोकांवर मोजा. २७.२ ते २७.६ उत्तम. २८च्या वर एसएमएफ फुगते. मूळ बॅटऱ्या ट्रेमध्ये अडकून बाहेर येत नसतील, तर त्याचं कारण बहुधा हेच असतं आणि ती खूण गाळ्यावरच वाचता येते. लिथियम २८वर मरत नाही, पण तिथून पुढे बीएमएसवर (पॅकमधल्या, सेल सांभाळणाऱ्या बोर्डावर) भिस्त ठेवावी लागते. एसएमएफच ठेवणार असाल तर उष्णताही मोजा. २५ अंशांच्या वर दर सेलमागे दर अंशाला ३ मिलिव्होल्ट कमी करायचे असतात. मे महिन्यात पोटमाळ्यावर ३५ अंश असतील तर बारा सेलना ०.३६ व्होल्ट, म्हणजे २७.६ऐवजी २७.२ हवेत. पोटमाळ्यावर ठेवूच नका, हा सोपा उपाय.

जोडणीत पैसे वाचवू नका. १००० वॅटला २२ व्होल्टवर सुमारे ५३ अँपिअर जातात, ६०० वॅटला साधारण ३०. आमचा सल्ला: कायमचा भार ६०० वॅटवर थांबवा आणि केबल तरीही १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची, लवचीक, एका बाजूला दीड मीटरच्या आत. येण्या-जाण्याचे तीन मीटर धरले तर ५३ अँपिअरला पाव व्होल्टसुद्धा पडत नाही. पण यूपीएसच्या बाजूला बॅटरी जोडायचा जो मोठा अँडरसन प्लग असतो तो बघा. ५० अँपिअरच्या प्लगची पिन १३ स्क्वेअर एमएमपर्यंतच घेते, १६ची केबल तिच्यात शिरत नाही. लोक मग तारेचे पदर कापून बारीक करतात आणि कशीबशी घुसवतात. तसं न करता प्लगपासून ३० सेंटीमीटर १० स्क्वेअर एमएम घ्या आणि बोल्टच्या जोडावर १६ला मिळवा. या प्लगना रंगाची खाचही असते, वेगळ्या रंगाचे दोन प्लग एकमेकांत बसत नाहीत. नवा घेताना त्याच रंगाचा घ्या.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात, ६० अँपिअरचा, डीसी रेटिंगचा. घरातला साधा एमसीबी इथे चालत नाही. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती तशीच पेटत राहते आणि एमसीबी वितळतो. केबलच्या टोकाची लग तांब्याची, कलई केलेली, आणि क्रिम्पिंग (लग केबलवर चेपणं) हायड्रॉलिक हत्याराने. तुर्भ्यात केबलच्या दुकानात तिथल्या तिथे करून देतात. पकडीने चेपलेल्या लगेत ५ मिलिओहम रोध राहिला, तर ५० अँपिअरला तिथे साडेबारा वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्नच्या निम्मी, आणि ती प्लास्टिकच्या बॅटरीच्या डोक्यावर. जोडणीनंतर ५०० वॅटवर अर्धा तास चालवून प्रत्येक जोड इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. एकच जोड बाकीच्यांपेक्षा १०-१५ अंश गरम असेल, तर तो पुन्हा करा.

प्लग पहिल्यांदा जोडताना ‘फट्’ आवाज येतो, तो कपॅसिटर भरण्याचा. लिथियमच्या बीएमएसला तो शॉर्ट सर्किट वाटतो, ती पॅक बंद करते आणि लोक समजतात यूपीएस मेला. ४७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर पॉझिटिव्हच्या जोडात पाच सेकंद टेकवा, कपॅसिटर भरू द्या, मग प्लग लावा.

उष्णतेचा बंदोबस्त म्हणजे मागच्या जाळीवर १२० मिलिमीटरचा पंखा आणि हीटसिंकवर ४५ अंशाला जुळणारा छोटा थर्मोस्टॅट. इथे एक चूक इतकी सरसकट दिसते की सांगायलाच हवी. १२ व्होल्टचा पंखा हाताशी असतो, म्हणून तो दोनपैकी एका बॅटरीवर लावला जातो. ती बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते. चार्जर दोघींना मिळून भरतो, म्हणून दुसरी जास्त भरली जाते आणि पहिली कधीच भरत नाही. काही महिन्यांत दोन्ही जातात. पंखा २४ व्होल्टचाच घ्या, किंवा दोन्ही बॅटऱ्यांवरून बक कन्व्हर्टर लावून १२ करून घ्या.

घरच्या वायरिंगमध्ये यूपीएसचा आउटपुट वेगळ्या सर्किटला द्या: फेज वेगळी आणि न्यूट्रलसुद्धा वेगळा. वायरमन बहुतेकदा न्यूट्रल सामाईक ठेवतो आणि मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) लाईट असताना विनाकारण पडत राहतो. दोष आरसीसीबीचा नसतो. गेलेला करंट दुसऱ्या वाटेने परत आलेला असतो. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून भिंतीच्या सॉकेटमध्ये उलटी वीज देणं हा प्रकार तर कोणीही, कितीही घाईत, करू नये.

सोसायटीच्या जनरेटरवर घरातली वीज असेल तर एसयूएच्या मागचं संवेदनशीलतेचं छोटं बटण कामाला येतं. त्याचा दिवा ठळक असेल तर यूपीएस चोखंदळ, मंद असेल तर कमी, विझलेला असेल तर सगळ्यात सोशिक. जनरेटरची फ्रिक्वेन्सी डुलते तेव्हा चोखंदळ यूपीएस वीज असूनही बॅटरीवर जाऊन बसतो. दिवा विझेपर्यंत बटण दाबा. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या वस्तीत या यूपीएसचा व्होल्टेज उचलणारा बूस्टही (चार्जिंगचा नव्हे) उपयोगी. तो बॅटरीला हात न लावता सुमारे १२ टक्के उचलून देतो. घरगुती इन्व्हर्टरमध्ये ही सोय सहसा नसते.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. समोरचे बॅटरीचे पाच दिवे आणि उरलेली मिनिटं १७ एएच गृहीत धरून मोजलेली, त्यांवर विसंबू नका. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं, त्यामुळे आकडा आणखी फसवा. शंटवर (तारेतल्या, करंट मोजणाऱ्या पट्टीवर) चालणारा एएच मीटर लावा. बॅटरीवर असताना दर अर्ध्या मिनिटाला चार बीप होतात, टेस्टचं बटण दाबलं की त्या वेळेपुरते गप्प. रात्री दोन वाजता हे बटण अंधारात शोधायला लागू नये म्हणून त्यावर रेडियमचा ठिपका चिकटवा. रिकामा चालतानाही तो थोडी वीज खातो. क्लॅम्प मीटरवर १ अँपिअर दिसला तर चार तासांत ४ एएच नुसत्या जागरणाचे. एसएमएफ लावली असेल तर कटऑफही उशिरा होतो. दर बॅटरीला १०.५ व्होल्ट हा आकडा झटपट रिकामं होण्यासाठी ठीक. पाच तासांच्या संथ वापरात १०.८ला थांबायला हवं, नाहीतर प्रत्येक वेळी बॅटरी खरवडली जाते. यूपीएसमध्ये हा आकडा बदलण्याची भानगड करण्यापेक्षा बाहेर २१.६ व्होल्टला वाजणारा अलार्म लावा.

बिल मागा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि मोठ्या ऑफिसांनी असा माल नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करून विकणारा किंवा पुनर्वापर केंद्र यांनाच द्यायचा असतो. त्याच गाळ्यावर ४८ व्होल्टच्या टेलिकॉम टॉवरच्या बॅटऱ्या फारच स्वस्तात आणि बिलाशिवाय दाखवल्या, तर हातही लावू नका. टॉवरवरच्या बॅटऱ्यांच्या चोऱ्या होतात.

नग उचलताना ट्रे, अँडरसन प्लगची मूळ तारजोडणी आणि पुढचं प्लास्टिकचं झाकण सोबत आहे का बघा. गाळेवाले शिशासाठी बॅटऱ्या काढताना ती तारजोडणी कापून टाकतात, आणि दोन बॅटऱ्यांमधला मूळ फ्यूज तिच्यातच असतो. मेलेल्या बॅटऱ्या आतच असतील तर टोकांना चिकटपट्टी लावून मगच लिफ्टमध्ये न्या. मेलेल्या १७ एएचच्या बॅटरीतही चार्ज उरलेला असू शकतो, आणि तिची दोन्ही टोकं लिफ्टच्या लोखंडी दाराला टेकली तर ठिणग्या उडतात.